सत्यशीलाच्या हातच्या भुवया

शेवगावच्या पेठेत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे आणि त्याला लागून सत्यशीलाचं पार्लर. मध्ये प्लायवूडची भिंत, तीही वरून हातभर उघडी. तिच्या खुर्चीत बसून बायका जे बोलतात ते सगळं माझ्या मशीनपर्यंत येतं. लोक म्हणतात, जयाबाई फार कान देते. देते. भिंत काही मी घातलेली नाही.

सत्यशीलाचं माहेर पाथर्डीच्या पलीकडचं, डोंगराच्या कडेचं. दिवाळी झाली की तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे आणि ही त्यांच्याबरोबर कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायची. शाळा अशी तुटत तुटत नववीपर्यंत झाली. त्या तळावरच दुसऱ्या टोळीतल्या एका मुलीनं तिला भुवया कोरायला शिकवलं. शिवणाचा साधा दोरा, एक टोक दातात, दुसरं बोटांत, मध्ये पीळ. बाजाराच्या आदल्या दिवशी तळावरच्या पोरी हिच्यापुढे येऊन बसायच्या. दिवसभर उसाची कुसळं अंगावर घेणाऱ्या त्या पोरींना नटायला दुसरं काही मिळायचंच नाही, असं ती सांगते. सांगताना तिला अजूनही बरं वाटतं.

लग्न होऊन शेवगावला आली तेव्हा तिचा नवरा कल्याण टेम्पोवर होता. मार्केट यार्डातून कांदा वाहायचा. गडी उंच, लांबट तोंडाचा, आणि बायकोच्या हाताचं त्याला भारी कौतुक. पार्लर त्यानंच काढून दिलं. तिथला मोठा आरसा त्यानं नगरहून गोधड्यांत गुंडाळून टेम्पोत घालून आणला आणि भिंतीवर स्वतः बसवला. गिऱ्हाईक नसलं की दोघं दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बघायची. हिचं तोंड गोल, तिची हनुवटी रुंद, अशी चर्चा चालायची. मला तेव्हा त्यांचा हेवा वाटायचा. आमच्या घरात नवराबायकोनं असं काही बोलत बसायची पद्धत नव्हती.

आता तिची काम करायची रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. हल्ली मुली मोबाईलमध्ये कुठल्यातरी नटीचा फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, मला अशा भुवया पाहिजेत. सत्यशीला तो मोबाईल हळूच बाजूला ठेवते. मुलीचे केस मागे बांधते, तिला ताठ बसवते आणि सगळ्यात आधी तिच्या कपाळावर टिकली लावते. बाकीच्या पार्लरमध्ये टिकली आधी काढतात, ही आधी लावते. मग दारापर्यंत मागे सरून त्या तोंडाकडे बघत राहते. टिकलीशिवाय तोंडाचा मध्य सापडत नाही, असं तिचं म्हणणं. आमच्याकडे बाई घराबाहेर पडते ती टिकली लावून, तेव्हा भुवईनं टिकलीशी जुळवून घ्यायला हवं. तोंड गोल असलं तर ती कमान जरा उचलते आणि शेपटी लांब नेते, म्हणजे गाल उतरल्यासारखे दिसतात. जबडा चौकोनी असला तर भुवईला कुठे कोपरा येऊ देत नाही. आणि तोंड लांबट असलं तर कमान काढतच नाही. भुवई सरळ आडवी चालवते, जाड ठेवते. लांबट तोंडावर कमान काढली की कपाळ आणखी वर जातं, असं ती म्हणते. हे ऐकून ऐकून मीही लांब मानेच्या बायकांना खोल गळा शिवायचं बंद केलं.

तिची लेक मोनिका हुबेहूब बापाच्या तोंडाची. लांबट. दहावीनंतर पहिल्यांदा भुवया केल्या त्या आईनं, आणि पुढे दुसऱ्या कुणाचा दोरा त्या कपाळाला लागला नव्हता. सरळ, दाट, टोकाशी जराशा खाली आलेल्या भुवया. त्यांच्यामुळे मोनिकाचं तोंड भरलेलं दिसायचं, शांत दिसायचं.

तीन वर्षांपूर्वी मार्केट यार्डात गोण्या उतरवताना कल्याणच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला. सत्यशीला काही महिने घरात होती. मग पोटासाठी तिनं दुकान पुन्हा उघडलं. मी भिंतीपलीकडून कान लावून होते. खुर्ची सरकली, दोऱ्याचा आवाज सुरू झाला, मला हायसं वाटलं. पण एक गोष्ट बदलली होती. गिऱ्हाईक बसलं की ती आता टिकलीचं पाकीट त्या बाईपुढे धरायची आणि म्हणायची, "लाव तू." स्वतःच्या हातानं लावत नव्हती. तिला कुणीही असं सांगितलं नव्हतं. तिनं आपणहून हात आखडता घेतला, आणि मला त्याचाच राग आला.

बाकीचं लोकांनी केलं. लग्नाच्या मुली तिच्याकडे यायच्या थांबल्या. म्हणजे उघडपणे यायच्या थांबल्या. भर दुपारी पेठ सुस्त असताना एखादी आई मुलीला घेऊन आत शिरायची आणि आवाज खाली आणून म्हणायची, "तुमच्यासारखा हात कुनाचा न्हाई बघा. पन कुनाला सांगू नका." भुवया इथे व्हायच्या आणि लग्नाच्या दिवशी कार्यालयात मेकअपची पेटी घेऊन दुसरीच बाई उभी असायची. कौतुकही तीच घ्यायची. एकदा मला राहवलं नाही. कात्री हातात तशीच घेऊन मी तिच्या दुकानात गेले आणि त्या आईला विचारलं, "हात चालतो आन् बाई चालत न्हाई, व्हय?" ती बाई लाल झाली. सत्यशीला मात्र माझ्यावरच रागावली.

"जयाताई, तुमी जाऊन तुमचं शिवन बघा," ती म्हणाली. "त्यांचं काय चुकलं? लेकीची आई हाय ती."

तिचं हे असं होतं. लोक तिला बाजूला सारत होते आणि ती त्यांना जागा करून देत होती.

गेल्या वर्षी मोनिकाचं लग्न ठरलं. मुलगा ज्ञानेश्वर, कोपरगावकडचा, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला. बघायला आले तेव्हा मी होते. मुलगा मोजकं बोलणारा, त्याची आई विजयमालाबाई बोलायला गोड. मोनिकाचा बाप नाही याबद्दल त्यांनी वाकडं काही काढलं नाही. उलट सत्यशीलाचा हात धरून म्हणाल्या की एकट्या बाईनं पोरीला चांगलं वळण लावलं. ज्ञानेश्वर त्यांचा एकुलता एक. तो पाण्याचा ग्लास घ्यायला उठला तरी त्यांची नजर त्याच्यामागे जात होती.

लग्न जवळ आलं तसं भिंतीपलीकडे मायलेकींचं सुरू झालं.

"आई, माझ्या भुवया, मेकअप, सगळं तूच करायचं," मोनिका म्हणाली.

"मी न्हाई करनार."

"का?"

"का ते तुला म्हाईत हाय."

"मला नाही माहीत. तू बोल."

भिंतीपलीकडे नुसता ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. मोनिका पाय आपटत निघून गेली. थोड्या वेळानं सत्यशीला माझ्या दुकानात आली आणि कापडाच्या ढिगाशेजारी टेकली. मी काहीतरी टोचून बोलणार होते, पण तिच्याकडे बघून गप्प बसले. तीच म्हणाली, "जयाताई, तुमाला वाटतं मी लोकांना भिते. लोकांचं काय न्हाई. पन उद्या जावयाला नुसता ताप आला, तर माझ्या मनात येईल की नवरीला माझा हात लागला हुता. ते घेऊन मला जगता यायचं न्हाई."

हे खोटं आहे असं मी म्हणू शकत होते. पण तिची भीती खरी होती, आणि ती तिच्या पोटात किती खोल गेली आहे ते मला त्या दिवशी कळलं. मला फार वाईट वाटलं. तरीही रागच जास्त आला होता.

मग तिच्या मोठ्या जाऊबाईंनी, मालनबाईंनी, पुढाकार घेतला. मालनबाई सवाष्ण, नातवंडांच्या धनी, बोलायला खंबीर. त्या म्हणाल्या, "मी नेते पोरीला नगरला. मोठं पार्लर हाय, नवरीचं समदं करत्यात." हळदीच्या दोन दिवस आधी त्या मोनिकाला घेऊन एसटीनं नगरला गेल्या. मोनिका इतकी चिडलेली होती की तिथे खुर्चीत बसल्यावर म्हणाली, तुम्हाला हवं ते करा. त्या बाईनं टिकली काढून ठेवली आणि नवरीला करतात तशी उंच कमान काढली. शेपट्या बारीक केल्या.

दिवे लागायच्या सुमारास दोघी परत आल्या आणि सरळ पार्लरमध्ये शिरल्या. मी मशीन थांबवून गेले. मोनिका आरशापुढे उभी होती. लांबट तोंड आणखी लांब झालं होतं. कुणीतरी आत्ताच वाईट बातमी सांगावी तसं ते दिसत होतं. मालनबाई म्हणत होत्या, "चांगल्या तर दिसत्यात. सवय न्हाई म्हनून." त्यांना मनापासून तसं वाटत होतं.

सत्यशीला लेकीकडे बघत राहिली. केस तीन दिवसांत काही परत येत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. मोनिका रडली नाही. आरशातून आईकडे बघून म्हणाली, "बाबांसारखं तोंड होतं माझं. आता तेवढंही राहिलं नाही."

मालनबाई तिला घरी घेऊन गेल्या. सत्यशीला खुर्चीत बसली, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. मी शटरला टेकून उभी राहिले.

"बोला की," ती म्हणाली. "एरवी लई बोलता."

"काय बोलू? हात लावला तर बिघडंल म्हणून तू लांब राहिलीस. हात न लावताच बिघडलं."

तिनं डोळे पुसले, उठली, आणि ड्रॉवरमधून पेन्सिली, ब्रश, दोऱ्याचं रीळ काढून एका डब्यात भरायला लागली. कशासाठी ते मी विचारलं नाही.

लग्न पाथर्डी रस्त्यावरच्या एका कार्यालयात होतं, मुहूर्त दुपारचा. सकाळी नवरीच्या खोलीत सत्यशीला डबा घेऊन आली. तिनं दाराला कडी घातली. आत आम्ही तिघीच. मोनिका हिरवा चुडा भरून, पिवळ्या साडीत स्टुलावर बसली होती. आईला डबा उघडताना बघून ती सरळ बसली.

सत्यशीलानं टिकलीचं पाकीट काढून तिच्यापुढे धरलं. "लाव."

मोनिकानं हात मांडीवरून हलवले नाहीत. "तू लाव."

"मोना."

"आई, मला मध्य सापडत नाही. तुलाच सापडतो."

त्या खोलीत पंख्याचा आवाज होता आणि बाहेर वाजंत्रीवाले सूर जुळवत होते. सत्यशीला पाकीट धरून उभी राहिली. तिची बोटं इतकी हलत होती की पाकिटाचं प्लास्टिक वाजत होतं. मग तिनं एक टिकली सोडवली आणि लेकीच्या कपाळावर टेकवली. टेकवली आणि अंगठा तसाच दाबून धरला, सोडवेना. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

त्यानंतर मात्र तिचा हात थरथरला नाही. दारापर्यंत मागे सरून तिनं तोंड पारखलं. दोऱ्यानं कमानीच्या वरचे मोजके केस काढले, म्हणजे उंची उतरली. मग पेन्सिलीला टोक काढून खालच्या बाजूनं एकेक केस रेखावा तशा बारीक रेघा भरत गेली. शेपट्या जरा आडव्या नेल्या. मध्येमध्ये थांबायची, लेकीची हनुवटी धरून तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवायची. तिचं काम संपलं तेव्हा मोनिकाचं तोंड परत आलं होतं. जवळून बघणाऱ्याला पेन्सिल कळली असती, मी खोटं सांगणार नाही. पण कल्याणची लेक ओळखू येत होती. मोनिकानं आरशात बघितलं आणि आईच्या पोटाला डोकं टेकायला गेली, तर ही म्हणाली, "पुसंल." आणि तिला खांद्यांना धरून लांब केलं.

कडी काढली तशा बायका आत आल्या. सत्यशीला सवयीनं मागे सरकत कपाटाजवळ जाऊन उभी राहिली. आमच्याकडे अशा वेळी सवाष्णी पुढे असतात आणि तिच्यासारख्या बायका मागे. तिथे उभं राहायला तिला कुणी सांगावं लागत नाही.

थोड्या वेळानं मुलाकडच्या बायका ओटी घेऊन आल्या. पुढे विजयमालाबाई, हातात हळदीकुंकवाचं ताट. मोनिकाला बघून त्या थबकल्याच. "बाई, माझी सून किती देखनी दिसती. भुवया कुनी केल्या गं? तोंड कसं उजळलंय."

"नगरच्या पार्लरवालीनं," मालनबाई झटकन म्हणाल्या. त्यांना सांभाळून घ्यायचं होतं. त्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता.

मोनिकानं मान वर केली. ती बोलायच्या आधी कपाटाजवळून आवाज आला.

"न्हाई. मी केल्या."

सगळ्या मागे वळल्या. सत्यशीला कपाट सोडून दोन पावलं पुढे आली होती. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "टिकलीबी मीच लावली, विहीनबाई. तुमाला ठावं असावं म्हनून सांगते."

विजयमालाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांच्याबद्दल मला आजही वाकडं बोलवत नाही. त्यांच्या मनात त्या क्षणी त्यांचा एकुलता एक मुलगा होता, दुसरं काही नव्हतं. त्यांनी ताट टेबलावर ठेवलं, मोनिकाच्या कपाळावरची टिकली नखानं काढली आणि ताटात टाकली. मग स्वतःच्या पर्समधून मोठी चंद्रकोर काढून तिच्या कपाळावर लावली. त्यांचाही हात थरथरत होता. चंद्रकोर वर गेली आणि एका अंगाला कलली. सकाळभर जुळवून आणलेलं तोंड परत विस्कटलं. मोनिकाचे डोळे भरून आले, पण तिनं पापणीसुद्धा हलवली नाही. ओघळ आला असता तर पेन्सिल गेली असती.

माझं तोंड उघडलंच होतं. मी काय बोलले असते ते इथे लिहिण्यासारखं नाही. मालनबाईंनी माझा दंड घट्ट धरला. तेवढ्यात सत्यशीला बायकांच्या मधून पुढे आली. बायका बाजूला झाल्या, काही तिचा पदर लागू नये म्हणून, काही नुसत्याच. ती लेकीसमोर उभी राहिली, पण बोलली विजयमालाबाईंशी.

"तुमाला जे भ्या वाटतं, ते मलाबी वाटतं," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा जास्त. मी बघितलंय ते. तुमचा ल्योक शंभर वर्सं जगावा, एवढंच मी रोज मागते. पन माझी लेक आज वाकडी दिसायची न्हाई."

आणि सगळ्यांच्या देखत तिनं चंद्रकोरीची कड नखानं उचलली, ती खाली आणली, दोन्ही भुवयांच्या बरोबर मध्ये बसवली आणि अंगठ्यानं दाबली.

विजयमालाबाईंचा हात वर आला. मोनिकाच्या कपाळाजवळ येऊन थांबला. त्यांनी सुनेकडे बघितलं, मग सत्यशीलाच्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हात खाली घेतला आणि सुनेची ओटी भरायला ताट उचललं.